आमच्या गावाचा इतिहास : खंड पहिला

साठी उलटली की माणसाला दोन व्याधी जडतात. एक गुडघ्याची आणि दुसरी इतिहासाची. गुडघ्याला निदान तेल तरी लावता येतं. इतिहासाची कळ उठली की मात्र माणूस दिसेल त्याला धरून बसवतो आणि "आमच्या वेळी वळसंगला..." अशी सुरुवात करतो. आमच्या घरात या वाक्याचा परिणाम ठरलेला आहे. सूनबाईंना कुकरची शिट्टी ऐकू येते, मुलाला फोन येतो आणि नातू तर आधीच पसार झालेला असतो. कुटुंब तेवढं समोर बसून राहतं. पण ते गवार मोडायची असते म्हणून.

पंचाहत्तरीपर्यंत माझी ही व्याधी तशी आटोक्यात होती. ती चिघळली इंग्लंडमुळं. माझा भाचा तिकडच्या एका खेड्यात राहतो. खेडं म्हणजे त्यांचं खेडं. तिथं नळाला गरम पाणी येतं. मागं दिवाळीला येताना त्यानं सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि मला मधुमेह असल्यामुळं एक पुस्तक आणलं. त्या खेड्याचा इतिहास! लिहिणारे गृहस्थ तिथलेच निवृत्त शाळामास्तर. गावात घरं एकशेवीस आणि पुस्तकाची पानं दोनशे दहा. उभा जन्म बँकेत गेलेला असल्यामुळं मी ताबडतोब हिशोब केला. दर घरटी पावणेदोन पानं इतिहास!

त्यात काय नव्हतं? चर्चच्या मनोऱ्यावर पत्र्याचा कोंबडा कधी बसवला, गुत्त्याचे मालक किती झाले, भोपळ्यांच्या स्पर्धेत कुणाचा भोपळा पहिला आला आणि दुसऱ्या नंबरवाल्यानं त्याच्याशी किती वर्षं अबोला धरला, सगळं सालवार! भाचा म्हणाला, "मामा, इथं १५३८ सालीच हुकूम निघाला होता. प्रत्येक चर्चनं गावातली बारशी, लग्नं आणि मूठमाती वहीत टिपून ठेवायची." शिवाय १७८९ साली गिल्बर्ट व्हाइट नावाच्या एका पाद्र्यानं सेल्बोर्न या आपल्या खेड्यातल्या पाकोळ्या आणि एक कासव यांच्यावर पुस्तक लिहिलं. ते आजही छापलं जातं म्हणे.

"कासवाला जर इतिहास असतो, तर वळसंगला का नसावा?" मी कुटुंबाला विचारलं.

"कासव गप्प असतं," ती म्हणाली आणि गवारीची दुसरी जुडी पुढं ओढली.

त्याच रात्री मी दोनशे पानी वही काढून पहिल्या पानावर लिहिलं : 'वळसंगचा इतिहास. खंड पहिला.' खंड किती होतील हे अजून ठरलं नव्हतं. पण पहिला म्हटल्याशिवाय दुसऱ्याची वाट मोकळी होत नाही.

वळसंग कुठं आलं, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगणं हाच मुळात एक खंड आहे. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर आधी कुंभारी लागतं आणि मग आमचं वळसंग. तालुका दक्षिण सोलापूर. अक्कलकोटला निघालेले पुणेकर वर्षानुवर्षं आमच्या गावातून गेले आहेत. पण ते स्वामींचं नाव घेत डोळे मिटून गेले, त्यामुळं गाव पाहायचं राहिलं. जमीन काळी. पाऊस आला तर चिखल असा, की पायातली वहाण ठेवून घेते. आणि नाही आला तर भेगा अशा, की गोटी पडली तर पुढच्या पिढीला सापडावी. ज्वारी, तूर, शेंगा. पत्र्यासारखी वाजणारी कडक भाकरी आणि जिच्यावर तेल दिसलं नाही तर पाहुणा रुसावा अशी शेंगाची चटणी. आमच्या भागातली माणसंही साधारण त्या भाकरीसारखीच. मोडताना आवाज करतात, पण बरेच दिवस टिकतात.

आणि भाषा? आमच्याकडं मराठी सुरू होऊन कन्नडमध्ये संपते. मध्ये उर्दूची एखादी चिमूट पडते. "काय करूलालाव?" म्हणून विचारणारा म्हातारा पुढच्याच क्षणी "ऊटा आतेन्री?" म्हणतो, आणि जेवण झालं नसलं तर दोन्ही भाषांत वाढतो. या गोडव्याचा सरकारी खात्यात भलताच अर्थ झाला. १९६७ साली महाजन आयोगानं अहवाल दिला, त्यात अक्कलकोट आणि आमच्या दक्षिण सोलापूरकडचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घालावा अशी शिफारस होती. गावाला त्याचं काही नाही. गाव दुपारी जेवून झोपलं ते महाराष्ट्रात आणि चहाला उठलं तेही महाराष्ट्रात. मधल्या वेळात कागदावर जाऊन आलं असेल तेवढंच. २०२२ साली पुढाऱ्यांनी हा विषय पुन्हा उकरून काढला, तेव्हा आमच्याकडचे एक अण्णा म्हणाले, "न्या की! आधी नळाला पाणी कोण सोडतंय ते सांगा, त्याच्याकडं येतो."

आता इतिहास म्हटला की साधनं गोळा करणं आलं. मी सोलापूरला जाऊन १८८४ सालचा सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटियर चाळला. साहेबानं कमाल केलेली आहे. जमीन मोजली, पाऊस मोजला, बैल मोजले, माणसंही मोजली. पण इतकं मोजून गावाची ओळख होतेच असं नाही. सासरच्यांनी मुलीची उंची, रंग आणि शिक्षण लिहून घ्यावं आणि ती हसते कशी ते विचारू नये, तसं काहीसं वाटलं. तेव्हा वही बगलेत मारली आणि एस.टी.त बसून थेट गाव गाठलं.

हॉटेलातल्या बाकावर बसून मी चहा मागवला आणि "गावाचा इतिहास लिहितोय" एवढंच म्हणालो. अर्ध्या तासात बाक मोडायला आला. साधनं चालत आली, काठी टेकत आली, एक तर नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आलं.

पहिल्यांदा गावाच्या नावाचा प्रश्न निघाला. एक म्हणाले, "रस्ता वळतो म्हणून वळसंग." दुसरे म्हणाले, "रस्ता नंतर झाला, गाव आधी!" तिसऱ्यांनी नावाचं मूळ कन्नडमध्ये नेलं. चौथ्यांनी ते पुराणात नेलं आणि तिथून परत आणायला कुणी तयार होईना. मी वहीत लिहिलं : 'नावाबद्दल मतभेद आहेत.' इतिहासातलं माझं पहिलं वाक्य! वाचकहो, तुम्हांला सांगतो, मोठमोठे इतिहासकारही सुरुवात याच वाक्यानं करतात.

मग काळ सुरू झाले. आमच्या गावात सन कुणी सांगत नाही. प्लेगच्या साली, मार्शल लॉच्या साली, रझाकाराच्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, अशी मोजणी. त्यातही प्रत्येक घराचा एक मानाचा काळ. काही घरं स्वामीकाळातली. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ साली समाधिस्थ झाले. पण त्याआधी ते आमच्या गावातल्या इतक्या ओसऱ्यांवर टेकले होते, की अक्कलकोटला ते राहिले कधी, अशी मला शंका आली. ती मी वहीत लिहिली नाही. गावात मला परत यायचं होतं.

मार्शल लॉचं तेच. १९३० सालच्या मे महिन्यात सोलापुरात लोकांनी इंग्रजांचा अंमल उखडला आणि सरकारनं शहर लष्कराच्या ताब्यात दिलं. पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी झाली. ही नावं घेताना आजही आमच्या बाकावरची माणसं चहाचा कप खाली ठेवतात. पण कप पुन्हा उचलला, की प्रत्येकाचे वडील त्या दिवशी सोलापुरात होते. मी बेरीज केली. सगळे जर खरोखर तिथं असतील, तर गुरांना वैरण घालायलासुद्धा वळसंगला माणूस उरला नसावा. एक आजोबा तर म्हणाले, "मी पाळण्यात होतो. पण गोळ्यांचा आवाज मला अजून आठवतोय." मी तो आवाजही टिपून घेतला.

तीन दिवसांत वही अर्धी भरली. पण माझ्यातला बँकवाला बेचैन झाला. जमेची बाजू भरभरून वाहत होती आणि नावे पान कोरं! कुणाच्याच वाडवडिलांनी कधी काही वाईट केलेलं नव्हतं, कुणी कुणाला पाण्यात पाहिलेलं नव्हतं, सगळे एकोप्यानं नांदत होते. असा ताळेबंद बँकेत आला असता, तर मी मॅनेजरला हाक मारली असती.

तेव्हा लेखी पुरावा शोधायला आमच्या पडक्या वाड्यात शिरलो. माळ्यावरच्या ट्रंकेत आज्जाची हिशोबाची चोपडी सापडली. लाल कापडाची बांधणी, कडेला वाळवीनं केलेली महिरप. पहिलंच पान उघडलं आणि माझे हात थरथरले. साल १८५९! म्हणजे सत्तावन्नच्या बंडानंतर दोनच वर्षं! नानासाहेबांचा एखादा जासूद आमच्या परसातून गेला असला तर? मी धडधडत्या काळजानं पुढं वाचलं. 'चैत्र. म्हैस घेतली. दूध बरें. स्वभाव तापट.' आणखी दोन पानं गेल्यावर 'सायकलचे पंक्चर' आलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साल शके होतं. अठ्ठ्याहत्तर मिळवले. १९३७.

असो. शिपायांचं बंड नाही तर नाही, म्हैस तर म्हैस. त्या सालच्या सगळ्या नोंदी मी उतरून काढल्या. म्हैस, मोटेचा नवा नाडा, आत्याचं लग्न, आचाऱ्याशी झालेलं भांडण, पुन्हा म्हैस. आज्जा मोठा नेटका माणूस. वळसंगला त्या वर्षी जे जे घडलं ते त्यानं टिपलेलं होतं, अशी माझी खात्री पटली.

ही चोपडी बगलेत घेऊन चाललो असताना मागून हाक आली, "काय बे! इतिहास लिहूलालास म्हणं!"

माझा शाळासोबती. चौथीपर्यंत आम्ही बरोबर होतो. पुढं तो एस.टी.त कंडक्टर झाला, निवृत्त झाला, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्याला मी मोठ्या अभिमानानं चोपडी दाखवली. म्हटलं, "हे बघ. अस्सल साधन. १९३७ सालातलं पान न् पान आहे."

त्यानं चष्मा चढवला. तिकिटं तपासावीत तशी पानं तपासली. पुढं उलटली, मागं उलटली.

"म्हैस दिसूलालीय," तो म्हणाला. "बाबासाहेब कुठं हायेत?"

"कुठले बाबासाहेब?" असं मी विचारलं. विचारलं हे लिहिताना आज माझीच मान खाली जाते. पण इतिहास लिहायचा तर हेही लिहिलं पाहिजे.

तो काही बोलला नाही. "चल," म्हणाला आणि पुढं चालू लागला. त्यानं मला त्यांच्या वस्तीतल्या बावडीवर नेलं. मी या गावात जन्मलो. गावातली बोराची झाडं मला चवीनिशी पाठ होती. ही बावडी आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर होती म्हणा ना. पण तिच्या काठावर मी त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहिलो.

मग काठावर बसून त्यानं मला इतिहास सांगितला. त्यातली सनावळी मी नंतर ताडून पाहिली, ती अशी : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव रावबहादूर बोले यांनी मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर करून घेतला होता. कायदेमंडळ मुंबईत आणि आड वळसंगला. ठराव पोचायला वेळ लागतो. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्याचा खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं दिला. हे सगळं होत असताना आमच्या गावातल्या बायका गावच्या आडापासून लांब, रिकाम्या घागरी घेऊन, कुणी दयाळू माणूस वरून पाणी ओतील म्हणून उभ्या राहत. शेवटी त्या वस्तीनं कुणाची वाट पाहायचं सोडलं आणि आपल्या हातांनी स्वतःची बावडी खणली. आणि त्याच १९३७ साली बाबासाहेब वळसंगला आले आणि या बावडीचं पाणी प्याले.

"आमचा बाप तेव्हा पोरगा होता. माती उपसायला होता," तो म्हणाला. "आमची आजी सालं मोजायची ती बावडीवरनं. 'तुझा थोरला चुलता बावडीच्या आधीचा, तुझी आत्या बावडीच्या नंतरची.' आम्हांला तर लहानपणी वाटायचं, सगळ्या जगात असंच मोजतेत."

मी चोपडी मिटली. त्या वर्षी गावात एवढा मोठा माणूस येऊन गेला होता, आणि आमच्या आज्जानं म्हशीचा स्वभाव टिपून ठेवला होता! विसरला म्हणावं तर आचाऱ्याचे साडेतीन आणे त्याच्या लक्षात होते.

"तुला आठवतंय का," सोबती म्हणाला, "मी तुमच्या वाड्यात गणितं करायला यायचो ते?"

आठवत होतं. उलट मला ती आठवण फार लाडकी. साल १९५८ असेल. राज्यघटनेनं अस्पृश्यता मोडून काढली होती, १९५५ साली तसा कायदाही झाला होता. तो आमच्या अंगणात बसायचा, मी ओसरीवर. गणितं त्याची बरोबर यायची, उतरवून मी घ्यायचो. त्याला तहान लागली, की आजी आतून म्हणायची, "वरनं वाढ रे." मग मी तांब्या हातभर उंच धरून धार सोडायचो आणि तो खाली ओंजळ धरून प्यायचा. एक थेंब बाहेर सांडू द्यायचा नाही, असा आमचा खेळ होता. माझा नेम अचूक होता. नातवाला हा नेमाचा किस्सा मी कितीतरी वेळा सांगितला आहे.

"होय रे!" मी म्हणालो. "काय नेम होता माझा!"

"नेम चांगलाच होता तुझा," तो म्हणाला. "पण कधी कधी नाकात जायचं."

एवढंच बोलला. चिडून नाही, कंडक्टरनं सुट्टे पैसे परत करावेत तितक्या सहज. मला मात्र पासष्ट-सहासष्ट वर्षांनी कळलं, की तो खेळ मी एकटाच खेळत होतो.

ऊन चढलं होतं. आम्ही त्याच्या घरी गेलो. घर पक्कं, दारात तुळस, भिंतीवर बाबासाहेबांचा कोट घातलेला फोटो. सूनबाईनं ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आणले. मी हात पुढं केला, तेवढ्यात सोबत्यानं ट्रे बाजूला सारला आणि आतून तांब्या मागवला. त्याच्या डोळ्यांत चौथीतलं पोरगं उतरलं होतं.

"अंगणात चल," तो म्हणाला. "धर ओंजळ."

सूनबाई म्हणाली, "मामंजी, अहो पाहुणे हायेत ते!"

"पाहुणा कशाचा? जुना हिशोब हाय आमचा."

मी गुडघे सांभाळत अंगणात वाकलो. ओंजळ तोंडाशी धरली. त्यानं पायरीवर उभं राहून हातभर उंचीवरून धार सोडली. पहिला घोट गेला, दुसरा गेला, तिसरा नाकात. ठसका, डोळ्यांत पाणी, सदरा पोटापर्यंत चिंब. पिताना मान वर करता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पाणी देणाऱ्याचे फक्त पाय दिसतात, हेही ठाऊक नव्हतं. चोपडीत ते कुठंच नव्हतं, गॅझेटियरमध्ये मला दिसलं नव्हतं, आणि तीन दिवस बाकावर बसून मला कुणी सांगितलं नव्हतं.

"नेम चुकला बे," तो वरून म्हणाला. आणि मग आम्ही दोघंही इतके हसलो, की शेजारची दोन माणसं काय झालं म्हणून पाहायला आली. मग आत बसून आम्ही चहा घेतला, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. निघताना त्यानं मला एस.टी.त बसवून दिलं आणि सवयीनं दोनदा गाडीचा पत्रा वाजवला.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा सदऱ्याला सुरकुत्या पडल्या होत्या आणि छातीवर चटणीचा तेलकट डाग. कुटुंब म्हणालं, "इतिहास लिहायला गेला होतात, की आंघोळीला?"

मी म्हणालो, "बस इथं. आमच्या वेळी वळसंगला..."

तिनं सवयीनं गवार घेतली. पण थोड्या वेळानं पाहिलं तर हात थांबलेले होते. सूनबाईही कुकरपाशी गेल्या नव्हत्या. नातू दारात उभा होता. पाण्याचा किस्सा त्याला पाठ होता. या खेपेला तो मी खालच्या बाजूनं सांगितला.

खंड पहिला अजून पुरा झालेला नाही. बाकावरच्या मंडळींकडं पुन्हा जायचं आहे. या खेपेला नावे बाजू विचारायची आहे. बहुधा चहा मला एकट्यालाच प्यावा लागेल. पण एक काम मी त्याच रात्री केलं. आज्जाची चोपडी उघडली. शके १८५९, चैत्र. 'म्हैस घेतली' याच्या खाली बोटभर जागा होती. तिथं माझ्या अक्षरात लिहिलं : 'याच साली डॉ. आंबेडकर गावी आले. बावडीचें पाणी प्याले. नोंद राहिली होती.'

शाई जुन्या कागदावर थोडी फुटली. बँकेत असताना खाडाखोड मी कधी चालू दिली नाही. पण राहिलेली नोंद उशिरा का होईना घ्यावी लागते. नाहीतर ताळा जुळत नाही.